माया सोडून

४ फेब्रुवारी

छोटी,

फोन तू आपटलास की मी, यावर आपलं या जन्मी एकमत व्हायचं नाही, तेव्हा तो विषय राहू दे. आत्याचा नियम आठवतो ना? भांडण झालं की तोंड बंद. जे काय असेल ते कागदावर लिहायचं, दुसरीच्या उशीखाली सरकवायचं, आणि दुसरीने शेवटची ओळ वाचून होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. आता तुझी उशी पडली दुसऱ्या शहरात. म्हणून हे पाकीट आमच्याकडून तुमच्या हॉस्पिटलात तपासणीचे नमुने घेऊन येणाऱ्या गाडीत देतेय. रक्ताच्या बाटल्यांशेजारी बसून आपलं भांडण तुझ्याकडे येतंय.

आत्याचा सीटी स्कॅन पाहिला. "सहज नजर टाक" म्हणाली होतीस. सहज नजर टाकायला मी खिडकीत बसलेली नाही गं. अंधाऱ्या खोलीत अंगावर शाल घेऊन दिवसभर लोकांची पोटं बघणं हाच माझा धंदा आहे. आणि हे काही कुणाचंही पोट नाही. आई गेल्यावर जिने शिवणाच्या मशीनवर आपल्या दोघींना वाढवलं, तिचं आहे.

तू म्हणतेस, लिव्हरच्या उजव्या भागात लिंबाएवढी गोल गाठ आहे, बाकी सगळं स्वच्छ, काठाकाठाने कापली की झालं. गाठ गोल आहे हे मलाही दिसतं. पण तिचा काठ बघ. कच्च्या रंगाचं कापड धुताना शेजारच्या कापडावर उतरतं, तसा तो पसरलाय. असा काठ असला की बऱ्याचदा गाठीतल्या पेशी आजूबाजूच्या केसाएवढ्या शिरांत शिरलेल्या असतात. त्या शिरा कुठल्याच फोटोत दिसत नाहीत. गाठ काढून, तिचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की मग दिसतात, म्हणजे वेळ निघून गेल्यावर. ऑपरेशनच्या आधी ओळखायचं तर काठावरूनच ओळखावं लागतं, आणि मला तेवढंच येतं. तू काठाकाठाने कापलंस आणि पेशी शिरांत असल्या, तर ती गाठ वर्ष-दोन वर्षांत परत येईल. तेव्हा कापायला काही उरलेलं नसेल.

म्हणून म्हणते, तिला इकडे घेऊन ये. आमचे मोठे सर्जन आयुष्यभर लिव्हरच कापत आलेत.

आता खरं कारण दुसरंच आहे असं तू म्हणशील. तर ऐक. आत्या गल्लीभर सांगत सुटलीय, "माझं ऑपरेशन माझी छोटीच करणार." तिच्या शेजारणीने मला फोनवर विचारलं, "आणि तुम्ही हो? तुम्ही फोटो काढता ना?" मी हो म्हटलं. आत्याच्या पोटात गाठ आहे आणि दुखतंय माझ्या पोटात, हे मला कळतं. पण काठ खरंच पुसट आहे.

ताई

९ फेब्रुवारी

ताई,

नियमाप्रमाणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मध्ये एकदा पाकीट केराच्या टोपलीत टाकलं होतं, मग काढलं. ते नियमात बसतं.

तुला पुसट काठ कुठे दिसत नाहीत ते एकदा सांग. माझ्या लग्नाच्या वेळी ह्यांच्याकडे बघून म्हणालीस, "माणूस बरा आहे, पण काहीतरी स्पष्ट नाही." मी सर्जरी घेतली तेव्हा म्हणालीस, "तुझ्या हाताला घाम येतो." आम्ही घर घेतलं तेव्हा तुला भिंतीत ओल दिसली. ओल खरंच निघाली, पण ते सोड. आमच्याकडच्या फोटो बघणाऱ्या डॉक्टरांनी लेखी दिलंय की काठ नीट आहे. नाही म्हणणारी तू एकटीच.

आणि जास्त काप म्हणायला तुझं काय जातं? तू खुर्चीत बसून माऊसचं चाक फिरवतेस. आत्याचं लिव्हर जुन्या काविळीने आधीच कडक झालंय. धडधाकट माणसाचं अर्धं लिव्हर काढलं तरी ते पुन्हा वाढतं, तिचं नाही वाढणार. सगळीकडून ऐसपैस कापलं तर गाठही जाईल आणि मागोमाग आत्याही. तुला काठ दिसला की तुझं काम झालं. मला काठाच्या बाहेर काय उरतंय ते बघावं लागतं.

तिकडे न्यायचं मी तिला विचारलं, खोटं कशाला बोलू. म्हणाली, "मी कुठे जायची नाही. जिच्या हातात मी कात्री दिली तिच्याच हातून कापून घेईन." मला आनंद झाला, लपवत नाही. घरच्या माणसावर सुरी चालवू नये म्हणतात, तेही मला माहीत आहे. माझे वरिष्ठ समोर उभे राहणार आहेत, माझा हात अडला तर ते पुढे होतील.

ऑपरेशन मार्चच्या सुरुवातीला धरलंय. मिरच्या झोंबल्या असतील तर पाणी पी.

छोटी

१३ फेब्रुवारी

छोटी,

पाणी प्यायले.

हो, जळते मी. एकदाचं लिहून टाकते म्हणजे तुला शोधत बसायला नको. आई गेली तेव्हा तू कडेवर बसायच्या वयाची होतीस आणि मी पायी चालायच्या. आत्याने तुला कडेवर घेतलं आणि माझ्या हातात पिशवी दिली. बाजारात, दवाखान्यात, कुणाकडे जायचं असलं तरी हीच वरात. लोक तुझे गाल ओढायचे आणि मला विचारायचे, "पिशवी जड नाही ना गं?" दुकानातही तेच. गिऱ्हाइकाने आणलेलं कापड खिडकीशी उजेडात धरायचं आणि कुठे विरलंय, कुठे भोक आहे ते शोधायचं, हे माझं काम. तुला तिने कात्री दिली. मी त्या कात्रीला हात लावला की ओरडायची. आणि भोक दाखवलं की म्हणायची, "तुला बाई नुसते दोषच दिसतात." अगं, दोष शोधायलाच तर तिने मला बसवलं होतं.

तर आत्याच्या गाठीचा तो काठ पहिल्यांदा दिसला तेव्हा मला काय वाटलं, तेही सांगते. वाईट वाटायच्या आधी क्षणभर बरं वाटलं. वाटलं, आता हे ऑपरेशन छोटीच्या हातून निसटणार. मग मी इतकी घाबरले की खुर्चीतून उठून बाहेर जाऊन उभी राहिले. काठ खरोखर पुसट आहे की मला तो पुसट हवा आहे, हेच कळेना.

म्हणून आत्याचं नाव, वय सगळं झाकून तो सीटी शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला, एक शब्द न सांगता. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा काठ मला आवडला नाही." आमच्याकडे संगणकाचा एक प्रोग्रॅमही आलाय. जुन्या गाठींचे फोटो आणि त्या कापल्यावर आत काय निघालं, ते ढिगाने दाखवून त्याला शिकवलंय. तो खात्री देत नाही, शक्यता सांगतो. त्यानेही पेशी शिरांत गेल्याची शक्यता बरीच असल्याचं सांगितलं. मला त्याचाही हेवा वाटला. त्याला धाकटी बहीण नाही, म्हणून त्याच्या नजरेवर कुणी संशय घेत नाही.

लिव्हर कडक असल्याचं तू म्हणतेस ते खरं आहे. मी ते धरलंच नव्हतं. तेव्हा एवढं कर, तिचा एमआरआय काढ, लिव्हरचं ते खास औषध टोचून. चांगलं लिव्हर ते औषध पिऊन उजळतं आणि बिघडलेला भाग काळा राहतो. थोडं थांबून शेवटचा फोटो काढायला सांग. गाठ काळी दिसणारच. गाठीच्या बाहेर सावली पडलीय का, तेवढं मला बघायचंय. सावली नसली तर मी तोंडाला कुलूप लावीन आणि तुझी माफी मागीन, शपथेवर.

ताई

२१ फेब्रुवारी

ताई,

तू माफी मागायला तयार झालीस हे वाचलं आणि मुकाट एमआरआय काढला. फोटो तुझ्या संगणकावर पाठवलेत.

आत्याने तिथे जे केलं ते ऐक. हॉस्पिटलचा झगा अंगात घालायच्या आधी उलटा करून शिवण बघितली आणि तंत्रज्ञ मुलीला म्हणाली, "याला माया ठेवलेलीच नाही. दोन धुण्यांत उसवेल." त्या मुलीला वाटलं म्हातारी भावुक झालीय, तिने हळूच तिचा हात धरला. मग आत्याने तिला समजावलं, माया म्हणजे शिवणीच्या आत दडवून ठेवलेलं जास्तीचं कापड. पोर वाढलं की टाके उसवायचे आणि फ्रॉक मोठा करायचा. मशीनमधून बाहेर आल्यावर म्हणाली, "तेल नाही घातलं की माझं मशीनही असंच वाजतं."

पण मला हे सांगायचं नव्हतं. बाहेर येऊन तिने त्या मुलीला विचारलं, "हे फोटो बघून आतलं ओळखतात ती माणसं फार हुशार असतील ना?" मुलगी हो म्हणाली. तर आत्या म्हणते, "माझी मोठी तेच करते. तिला लहानपणापासून कापडातलं भोक लांबून दिसायचं." मी तिथेच उभी होते, तिची फाइल, चष्मा आणि चपला धरून. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. गल्लीत ती माझं कौतुक करत असेलही, माझ्या कानावर तर कधी आलेलं नाही.

आणि कडेवरचं तू लिहिलंस, आता माझं ऐक. नवं कापड नेहमी तुला. तुझ्या फ्रॉकात चांगली दोन बोटं माया असायची, तू वाढशील म्हणून. तू वाढायचीस, टाके उसवले जायचे, फ्रॉक लांब व्हायचा. सगळी माया तुझ्या अंगावर वापरून झाली की तो फ्रॉक माझ्याकडे यायचा. माझ्या वाट्याला यायची ती जुन्या टाक्यांची फिकट रेघ. शाळेत मुली विचारायच्या, ही रेघ कसली गं? कडेवरचं पोर चालायला लागलं की खाली उतरतंच, ताई. ती रेघ शाळा संपेपर्यंत माझ्या अंगावर होती. तेव्हा जळण्याचा मक्ता एकट्या तुझ्याकडे आहे असं समजू नकोस.

फोटो बघ. मला गाठीबाहेर काही दिसत नाही. दिसू नये असं वाटतंय म्हणून दिसत नसेल, तर तेही सांग.

छोटी

२४ फेब्रुवारी

छोटी,

सावली आहे.

आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यापुढे हरायची माझी तयारी होती, आणि नेमकी हरले नाही. शेवटच्या फोटोत बघ, सगळं लिव्हर उजळलंय, मध्ये गाठ काळी आणि तिच्या एका अंगाला करड्या रंगाचा पट्टा. खडूची रेघ बोटाने पुसल्यावर राहते तेवढाच. तुला दिसला नाही यात तुझा दोष नाही. पण मला तो आता डोळे मिटले तरी दिसतो.

आता नीट वाच. सावली एकाच अंगाला आहे. बाकी सगळीकडे काठ खणखणीत आहे. तुझ्या झग्याच्या गोष्टीवर मी हसले आणि मग एकदम आठवलं. आत्या तरी चारी बाजूंनी सारखी माया कुठे ठेवायची? बगलेत दोन बोटं, लांबीला भरपूर, आणि गळ्याला नावापुरती. जिथे पोर वाढणार तिथेच कापड. सगळीकडे सारखं सोडलं तर एका फ्रॉकाच्या कापडात अर्धाच फ्रॉक व्हायचा. मी म्हणत होते सगळीकडून ऐसपैस काप. तू म्हणत होतीस सगळीकडून काठाकाठाने कापते. दोघीही चार बाजू सारख्या धरून भांडत होतो.

तेव्हा डाव्या बाजूला चांगली दोन बोटं माया सोडून काप, आणि बाकी सगळीकडे नावापुरती. एवढ्याने तिचं लिव्हर पुरेल असं मला वाटतं, पण ते मोजमाप तू कर, ते तुझं काम.

रेघेचं मला खरंच माहीत नव्हतं. मला एवढंच आठवतं की माझे फ्रॉक तुझ्या अंगावर गेले की माझ्यापेक्षा तुलाच शोभायचे, आणि आत्या तोंडात बोट घालून बघत राहायची. त्याचाही मला राग यायचा.

कात्री तुझ्याच हातात राहिली बघ शेवटी. मी आपली खडूने रेघ मारून देतेय.

ताई

११ मार्च

ताई,

त्या दिवशी फोनवर तू "आत्याची उजवी, चित्रातली डावी" एवढंच बोललीस आणि ठेवलास. मला राग आला नाही. पण काय झालं होतं ते तुला लिहायला हवं, नाहीतर तू स्वतःला खात बसशील.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुझं पत्र पुन्हा काढलं. "डाव्या बाजूला." वाचता वाचता घास तोंडातच राहिला. कुणाच्या डाव्या? फोटो म्हणजे समोर उभं राहिलेलं माणूस. पडद्यावरची डावी ती पेशंटची उजवी, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. तू रिपोर्ट लिहितेस तेव्हा नेहमी पेशंटचीच बाजू लिहितेस, कधी चुकत नाहीस. पण हा रिपोर्ट नव्हता. हे उशीखालचं पत्र होतं, आणि पत्र लिहिताना तू पडद्याकडे बघत असणार.

मी फोटो लावून बसले. बघता बघता मला दोन्ही अंगांना सावल्या दिसायला लागल्या. आत्याच्या उजवीकडे बाहेरची बाजू, तिथे कापायला सोपं. डावीकडे आत मोठी शीर. तुझी डावी म्हणजे आत्याची डावी असं धरून मी आतल्या बाजूला दोन बोटं घेतली असती, तर तिचं चांगलं लिव्हर गेलं असतं आणि वाईट जागेवर राहिलं असतं.

ताई, तुझी एक चूक सापडावी म्हणून मी जन्मभर टपून बसले होते. सापडली, आणि मला ती नकोशी झाली. अबोला गेला खड्ड्यात म्हटलं आणि फोन केला. तू आधी फोटो उघडलास. तुझ्या माऊसचं चाक फिरताना ऐकू येत होतं. मग तू ते चार शब्द बोललीस. तू रडत होतीस हे मला कळलं. मीही रडत होते, ते तुला कळलं नसेल, मला सवय आहे.

थिएटरमध्ये बाहेरच्या बाजूला मी एवढं लांबून कापायला घेतलं तेव्हा वरिष्ठांनी वर बघितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, इथे माया लागते." ते म्हणाले, "माया बाहेर ठेवून या, डॉक्टर, हे ऑपरेशन आहे." नर्स हसली. मग मी नीट शब्दांत सांगितलं, सावली दाखवली, आणि त्यांनी मान हलवली. पुढे माझा हात कुठे अडला नाही. घाम आला, तेवढं तुझं खरं ठरलं.

आज गाठीचा तपासणी रिपोर्ट आला. पेशी शिरांत शिरल्या होत्या. फक्त बाहेरच्या, उजव्या अंगाला. मी कापलेल्या रेषेपर्यंत पोचल्या नव्हत्या. माया पुरली. काठाकाठाने कापलं असतं तर त्या आत राहिल्या असत्या आणि आपण पेढे वाटले असते. तू बरोबर होतीस. हे वाक्य लिहिताना माझ्याही पोटात दुखतंय, पण लिहिते. परत येणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. दर थोड्या महिन्यांनी फोटो काढत राहावं लागेल, आणि ते तूच बघायचे.

आता दुखरी गोष्ट. शुद्धीवर आल्यावर आत्याने डोळे उघडले. मी समोर, पायात गोळे आलेले, तोंडावर मास्कचे वळ. तिने माझ्यावरून नजर फिरवून दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "मोठी आली का?"

मी म्हटलं, येईल. मग बाहेर जाऊन चहा प्यायले.

माझ्या पिशवीत तुझी पत्रं आहेत हे तिला कसं कळलं देव जाणे. तिने ती मागितली. माझी तुझ्याकडे गेलेली पत्रंही हवीत म्हणाली. मी तुझ्याशी भांडण्यात दंग होते तेव्हा त्यांचे फोटो काढून ठेवले होते, पुरावा म्हणून. ते फोनवर दाखवले. सगळं वाचलं तिने चष्मा लावून. मग कागद मागितला.

छोटी

१५ मार्च

मोठीस आत्याचा आशीर्वाद. बसून लिहिलं की पोटाला ओढ बसते, म्हणून थोडक्यात.

तुमची पत्रं वाचली. चोरून नाही, मागून. माझ्या पोटाची हकीकत छान लिहिलीत दोघींनी. लिंबाएवढी गाठ, कडक लिव्हर, शिरांत शिरलेलं ते सगळं. मला तोंडावर दोघी म्हणत होतात, "किरकोळ आहे गं." किरकोळ कसं लिहितात ते कळलं.

तुम्ही एकमेकींवर जळता हे मला तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून ठाऊक आहे. त्यात नवीन काही नाही. नवीन हे कळलं, की तुम्ही एकमेकींना एवढी पानंच्या पानं लिहिता. मला इतक्या वर्षांत एकीनेही चार ओळी लिहिल्या नाहीत. जळायचंच झालं तर आधी माझा नंबर लागतो.

कडेवरचं आणि फ्रॉकाचं तुम्ही म्हणता तसं असेल. मला ते आठवत नाही. मला आठवतं ते असं, की दोघी एकाच वेळी तापाने फणफणला होतात आणि एकीच्या कपाळावर पट्टी ठेवली की दुसरी रडायची. दोघींच्या मध्ये बसले होते. कुणाच्या बाजूला जास्त झुकले ते मी बघितलं नव्हतं. तुम्ही तापातही मोजत होतात वाटतं.

टाके आरशात बघितले. वाकडे आहेत. छोटी म्हणते वरचे टाके तिने नाही घातले, शिकाऊ डॉक्टराने घातले. असेल बाई.

पुढचा फोटो काढायच्या वेळी तू इथे ये. लांबून बघितलेलं मला चालणार नाही. आणि डावं-उजवं विचारून घे.

आत्या

ता. क. शुद्धीवर आले तेव्हा मी पहिलं तुलाच विचारलं, हे छोटीने लिहिलंच आहे. एक सांगते ते मनात ठेव. दोघींत तू मला जरा जास्तच जवळची. दुसरीला कळू देऊ नकोस, ती मनाला लावून घेते.

१९ मार्च

छोटी,

आत्याचं पत्र आलं. तुलाही लिहिलं असेलच, बरं केलं तिने.

मी रविवारी येतेय. येताना तुझ्यासाठी हाताला लावायचं मलम आणते, सारखे धुऊन धुऊन तुझ्या बोटांची सालं निघाली असतील. आणि हो, पूर्वी कात्रीवरून, कडेवरून जे काही लिहिलं ते आता मनात ठेवू नकोस. तू शेंडेफळ, तुझे लाड व्हायलाच हवे होते. आत्याची तू जास्त लाडकी, हे मी मोठ्या मनाने मान्य करते. खरंच गं. मला आता त्याचं काही वाटत नाही. दोन दिवस झाले, मी कामावर शीळ घालतेय असं शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणतात.

"मोठी आली का" म्हणाली ती, ते गुंगीत म्हणाली असेल. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

ताई

१९ मार्च

ताई,

हे पत्र तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितेय, कारण आज मन फार चांगलं आहे आणि ते वाया जाऊ नये.

रेघेचं मी उगाच लिहिलं. रेघ कसली घेऊन बसले मी. तुझे फ्रॉक मिळाले म्हणून तर मला लहानपणी कधी उघडं फिरावं लागलं नाही. आणि आत्याने आधी तुझं नाव घेतलं ते योग्यच झालं. मी रोज तिच्या डोळ्यांसमोर असते, तुझ्या वाट्याला निदान एवढं तरी यायला हवं. तू लांब असतेस, एकटी अंधारात बसून काम करतेस, तुझा विचार मी आधीच करायला हवा होता. येशील तेव्हा तिच्या खाटेशेजारची खुर्ची तुझी. मी उभी राहीन, मला सवय आहे.

आत्या आता काठी न धरता चालते. तिने मलाही पत्र लिहिलं. अगं, मी रोज तिच्या खोलीत जाते, तरी पाकिटात घालून उशीखाली ठेवलं होतं. बाकी सगळं तुला वाचून दाखवीन, पण शेवटची ता. क. दाखवायला सांगू नकोस. तुला उगाच लागेल.

छोटी